बोय माशाची शुगर १९० आली, म्हणून खाडी आजारी म्हणायची का?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून उत्तर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी तो थोडक्यात सांगतो. वाशीला तुमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. ऐरोलीच्या बाजूला खाडीत रात्री लावून ठेवलेल्या जाळ्यातून दिरांना सकाळी सहा बोय मासे जिवंत मिळाले. ते टपात घालून लॅबमध्ये आणले, तुम्ही रक्त काढलं आणि तुमच्याच ॲनालायझरवर लावलं. शुगर १९० च्या आसपास आली. एसजीओटी काहींचं ७०० च्या वर, क्रिएटिनिन जेमतेम ०.३, कोलेस्टेरॉल ३०० च्या पुढे, आणि सीबीसीच्या मशीननं पांढऱ्या पेशींचा आकडा असा दिला की तुम्हाला मशीनचीच शंका आली. तुमचे प्रश्न दोन आहेत. माशांची नॉर्मल रेंज काय? आणि खाडीच्या प्रदूषणामुळे हे मासे आजारी आहेत असं या रिपोर्टवरून म्हणता येईल का?

मी ठाण्यात राहतो आणि खाडीतल्या, तलावांतल्या माशांचं आरोग्य तपासणं हेच बरीच वर्षं माझं काम आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, म्हणता येणार नाही. मशीन बिघडलेलं नाही, आकडेही बहुतेक खरे असावेत. पण ते आकडे त्या माशांचं रात्रभर जाळ्यात आणि नंतर टपात काय झालं तेवढंच सांगताहेत. मोकळ्या पाण्यातल्या माशाच्या रक्तावर पहिला ठसा पकडताना झालेल्या झटापटीचा असतो. त्यानंतर येतं गेल्या काही तासांतलं खाणं, मग नर-मादी आणि गाभोळी भरल्याचा काळ. पाण्याच्या अवस्थेचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधीच्या तीन गोष्टी सगळ्या माशांत सारख्या ठेवता आल्या तरच शेवटची दिसते. आमचा बराचसा वेळ याच खटपटीत जातो. रीएजंट आणि मशीन हा त्यातला सोपा भाग.

आता शुगर. माशाला जाळं लागलं की काही सेकंदांत ॲड्रेनालिन आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढायला लागतं. यकृतात साठलेलं ग्लायकोजेन मोडतं आणि साखर रक्तात उतरते. बऱ्याच हाडी माशांची निवांत असतानाची शुगर ४० ते ९० च्या घरात असते, झटापटीनंतर ती सहज दुप्पट होते आणि काही तास तशीच राहते. तुमचे १९० म्हणजे जिने धावत चढून आलेल्या माणसाचं दारातच बीपी घेण्यासारखं झालं. आकडा खोटा नाही, पण तो जिन्याचा आकडा आहे. कॉर्टिसॉलचं याहून कठीण आहे. निवांत माशाचं खरं कॉर्टिसॉल हवं असेल तर हात लावल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त सिरिंजमध्ये आलं पाहिजे. त्यानंतर तुम्ही जे मोजता ते तुम्ही स्वतः निर्माण केलेलं कॉर्टिसॉल असतं. रात्रभर लावलेल्या जाळ्यात मासा कधी अडकला हेच माहीत नसतं. एक दहा मिनिटांपूर्वी, दुसरा पाच तासांपूर्वी, आणि दोघं एकाच टपात. मग त्यांच्या आकड्यांची सरासरी काढून हाती काय लागणार?

लॅक्टेटचंही तसंच. मासा जोरात धडपडला की पांढऱ्या स्नायूंत लॅक्टेट तयार होतं, पण ते रक्तात उतरायला वेळ घेतं. म्हणून पकडल्यावर लगेच मोजलं तर कमी आणि तासाभरानं मोजलं तर जास्त, असं उलटंच दिसतं. हे माहीत नसलेला माणूस म्हणेल की टपात ठेवल्यानं मासा बिघडला.

तुमच्या रिपोर्टमध्ये सगळ्यांचं लक्ष जाईल ते एसजीओटीवर. माणसाच्या रिपोर्टची सवय असल्यामुळे आपण एसजीओटी वाढलं की यकृत म्हणतो. पण हे एन्झाइम माशाच्या स्नायूंत, हृदयात, तांबड्या पेशींतही भरपूर असतं. मासा म्हणजे जवळपास सगळा स्नायूच. जाळ्याच्या धाग्यानं चिरलेला, टपात आपटलेला मासा एसजीओटी ७०० दाखवणारच. त्यात रक्त काढताना थोडं हिमोलिसिस झालं असेल, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या असतील, सेंट्रिफ्यूजनंतर प्लाझ्मा गुलाबी दिसला असेल, तर आकडा आणखी फुगतो. माझी पद्धत अशी की एसजीओटीबरोबर सीपीके लावल्याशिवाय त्यावर बोलायचं नाही. सीपीके हे एन्झाइम स्नायूतून येतं. ते आकाशाला टेकलं असेल तर एसजीओटीही स्नायूचंच धरायचं. सीपीके शांत आणि एसजीओटी वर, असं अनेक माशांत दिसलं तर यकृताचा तुकडा काढून हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवावा. यकृताच्या आजाराचा निकाल तिथे लागतो, रक्तात नाही.

क्रिएटिनिन ०.३ पाहून किडनी उत्तम आहे असं तुम्ही लिहिलंय. हाडी मासे नत्राचा कचरा मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून बाहेर टाकतात, लघवीतून फार थोडा. त्यामुळे युरिया आणि क्रिएटिनिन या दोन्हींना त्यांच्यात किडनीच्या तपासणीचा मान नाही. किडनी खराब होऊनही हे आकडे बऱ्याचदा जागचे हलत नाहीत. उलट तुमच्या दिरांनी उद्या एखादी मुशी आणली तर तिच्या रक्तात युरिया माणसाच्या कितीतरी पट मिळेल, आणि तरी ती ठणठणीत असेल. शार्क जातीचे मासे समुद्राच्या खारेपणाला तोंड देण्यासाठी युरिया मुद्दाम रक्तात साठवतात. कोलेस्टेरॉल ३०० हेही बोयसारख्या माशात घाबरण्यासारखं नाही. माशांचं कोलेस्टेरॉल आपल्यापेक्षा वरच असतं. त्यांना कुणी गोळ्या सुरू करायला नकोत!

सीबीसीच्या मशीनचा गोंधळ सोपा आहे. माशाच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं. मशीन तांबड्या पेशी फोडून उरलेल्या केंद्रकांना पांढऱ्या पेशी म्हणून मोजतं, आणि इथे तर प्रत्येक तांबड्या पेशीचं केंद्रक उरतं. म्हणून लाखांतला आकडा. उपाय तुमच्याच कपाटात आहे: न्यूबॉर चेंबर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) आणि हातानं मोजणी. हिमोग्लोबिन काढताना फुटलेल्या केंद्रकांमुळे द्रावण गढूळ होतं आणि वाचन खोटं वाढतं, म्हणून वाचण्याआधी ते सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ द्रव घ्या. केंद्रक असलेल्या पेशीचा आणखी एक परिणाम म्हणजे ती ट्यूबमध्येही जिवंत असते आणि साखर खात राहते. माशाचं रक्त दोन तास तसंच ठेवलं तर शुगर कमी झालेली आणि पोटॅशियम बदललेलं मिळेल. शक्य तितक्या लवकर, होडीतच, फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा.

आता तुमचा पहिला प्रश्न, नॉर्मल रेंजचा. तुमच्या रिपोर्टच्या उजव्या रकान्यात छापलेली रेंज कुठल्यातरी मोठ्या संख्येच्या निरोगी माणसांवरून आलेली असते. अशी संदर्भमर्यादा बसवायला किमान १२० निरोगी व्यक्ती हव्यात असा प्रयोगशाळांचा रिवाज आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. आता ठाणे खाडीतल्या बोय माशांसाठी हे करायचं म्हणजे एकाच जातीचे, एकाच आकाराचे, एकाच हंगामातले १२० निरोगी मासे हवेत. ते निरोगी आहेत हे आधी कशावरून ठरवायचं? आणि पावसाळ्यानंतर पुन्हा १२०? मत्स्यशेतीतल्या काही जातींसाठी अशा मर्यादा काढल्या आहेत, पण तलावात खाद्यावर वाढलेल्या माशाची रेंज खाडीत चिखल चाळून जगणाऱ्या माशाला लावता येत नाही. म्हणून मी रेंज देत नाही आणि मागतही नाही. मी तुलना करतो. एक आकडा बरोबर की चूक ते बघत नाही, या ठिकाणच्या वीस माशांचा आकडा त्या ठिकाणच्या वीस माशांपेक्षा वेगळा आहे का ते बघतो. गेल्या वर्षी याच महिन्यात याच ठिकाणी काय होतं, हाही प्रश्न विचारतो. पद्धत प्रत्येक वेळी जशीच्या तशी ठेवली की माणसासाठी बनवलेलं किटही या तुलनेला चालतं. कॉर्टिसॉलचं किट तर चालतंच, कारण हाडी माशांतलं कॉर्टिसॉल आणि आपलं कॉर्टिसॉल हा एकच रेणू आहे. अल्ब्युमिनचं मात्र चालत नाही. ती रंगाची पद्धत माणसाच्या अल्ब्युमिनवर बेतलेली आहे, माशात तिच्यावर विसंबू नका. एकूण प्रोटीन रिफ्रॅक्टोमीटरवर काढा.

ठाणे खाडीत या तुलनेला एक खास अडचण आहे. खाडी साधारण २६ किलोमीटर लांब, वरच्या टोकाला ठाण्याजवळ उल्हास नदीशी चिंचोळ्या वाटेनं जोडलेली, खालचं टोक मुंबई बंदरात. दोन्ही काठांवर कारखाने, सांडपाण्याचे नाले आणि तिवरं. पूर्वेला दिघ्यापासून नेरूळपर्यंत टीटीसीचा औद्योगिक पट्टा. उन्हाळ्यात वरचं पाणीही बऱ्यापैकी खारं, पावसाळ्यात तेच पाणी गोडाकडे झुकतं. बोय दोन्हीत जगतो, पण त्यासाठी त्याला सतत मेहनत करावी लागते. हाडी माशाच्या प्लाझ्माची तीव्रता साधारण ३०० मिलिऑस्मोल असते आणि भर समुद्राची १००० च्या आसपास. म्हणजे समुद्रात त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जातं आणि मीठ आत येतं, गोड्या पाण्यात बरोबर उलटं. हा तोल कल्ले, किडनी आणि आतडं मिळून सांभाळतात. कल्ले बिघडले की तोल बिघडतो. म्हणूनच मला सोडियम, क्लोराइड आणि ऑस्मोलॅलिटी (हीच प्लाझ्माची तीव्रता) शुगरपेक्षा जास्त आवडतात. पण त्याच दिवशीचा पाण्याचा खारेपणा मोजलेला नसेल तर हे आकडे वाचताच येत नाहीत. भर उन्हाळ्यातला ऐरोलीचा मासा आणि ऑगस्टमधला ऐरोलीचा मासा यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या पाण्यांची तुलना. तीच गोष्ट ऐरोली आणि दिवाळे यांची. दिवाळ्याला सोडियम वेगळं आलं तर त्यात प्रदूषण किती आणि समुद्राची जवळीक किती?

भरतीचंही बघावं लागतं. बोय भरतीच्या पाण्याबरोबर चिखलपट्ट्यांवर चढतो आणि तिथला गाळ, शेवाळ खातो. पोट भरलेल्या माशाचं ट्रायग्लिसराइड आणि रिकाम्या पोटाच्या माशाचं ट्रायग्लिसराइड यांत मोठा फरक पडतो. आमच्या नोंदवहीत म्हणून भरती-ओहोटीची वेळ, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती), आणि पोटात खाणं होतं का, हे तीन रकाने आधी असतात, रसायनं नंतर. एकदा सगळे नमुने उतरत्या ओहोटीला घ्यायचं ठरवलं की सगळे तसेच घ्यायचे.

मादीचा विषय वेगळा सांगतो, कारण तिथे मोठी फसगत होते. गाभोळी भरायला लागली की मादीचं यकृत अंड्यातल्या बलकाचं कच्चं प्रोटीन तयार करतं. त्याला व्हायटेलोजेनिन म्हणतात आणि ते कॅल्शियम व फॉस्फरस बांधून घेतं. परिणामी निरोगी मादीचं एकूण प्रोटीन, कॅल्शियम, फॉस्फरस, सगळंच चढलेलं दिसतं. नर-मादी वेगळे केले नाहीत तर हे आकडे कुठल्याही दिशेला ओढता येतात. पण हेच प्रोटीन नराच्या रक्तात सापडलं तर ती गंभीर गोष्ट. नराकडेही ते जनुक असतं, पण इस्ट्रोजेन मिळाल्याशिवाय ते जागं होत नाही. नराच्या रक्तात व्हायटेलोजेनिन म्हणजे पाण्यात इस्ट्रोजेनसारखं काहीतरी आहे, बहुधा सांडपाण्यातून आलेलं. हे किती पुढे जाऊ शकतं त्याचं उदाहरण कॅनडातल्या ओंटारियोचं आहे. तिथल्या प्रयोगासाठी राखलेल्या एका तळ्यात २००१ ते २००३ अशी तीन वर्षं गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन दर लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम राहील एवढंच सोडलं. नर माशांत व्हायटेलोजेनिन वाढलं, त्यांच्या वृषणांत बिघाड झाला आणि तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाची संख्या जवळजवळ कोसळली. रक्तातली ही एक खूण अशी आहे की तिच्यावर जाळ्याच्या झटापटीचा काही परिणाम होत नाही. अडचण एवढीच की त्याच्या चाचण्या जातीनुसार बदलतात आणि महाग पडतात.

मला विचाराल तर छोट्या लॅबनं अशाच खुणांच्या मागे लागावं, ज्या तासाभरात बदलत नाहीत. त्यातली सगळ्यात स्वस्त तुम्हाला रोजच्या सवयीची आहे: रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर पातळ पसरलेला थेंब. मिथेनॉलनं फिक्स केला, जिम्सानं रंगवला की झालं. एकतर त्यात परजीवी दिसतात. दुसरं म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं प्रमाण. ताण दीर्घ असेल तर लिम्फोसाइट घटतात आणि न्यूट्रोफिल वाढतात, पण हे घडायला तास-दिवस लागतात, त्यामुळे चटकन पकडलेल्या माशात ते जाळ्याचा नव्हे तर आधीच्या काळाचा ताण दाखवतं. तिसरी खूण मायक्रोन्यूक्लिअस. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला की तांबड्या पेशीत मुख्य केंद्रकाशेजारी एक छोटा गोल ठिपका दिसतो. जनुकांना इजा करणारी रसायनं पाण्यात असतील तर असे ठिपके वाढतात. केंद्रक असल्यामुळे सीबीसीचं मशीन वेडं झालं होतं, तेच केंद्रक इथे कामाला येतं. दर माशामागे हजार-दोन हजार पेशी शांतपणे मोजाव्या लागतात, आणि मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कुठल्या ठिकाणची ते माहीत नसावं. हे काम कंटाळवाणं आहे, तेवढं मात्र खरं.

याबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ठेवा. केशनळी भरा, फिरवा, वाचा. फक्त लक्षात घ्या की झटापटीत माशाची प्लीहा आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी सोडते आणि पेशी फुगतातही, म्हणून तेही थोडं वर जातं. खाली गेलेला हिमॅटोक्रिट मात्र झटापटीनं येत नाही. तो ॲनिमियाकडे, परजीवींकडे किंवा उपासमारीकडे बोट दाखवतो. शिशाचा संशय असेल तर तांबड्या पेशींतलं अलाड नावाचं एन्झाइम बघता येतं, शिसं त्याला दाबतं. ही चाचणी बऱ्यापैकी नेमकी आहे, पण तिला अनुभवी प्रयोगशाळा लागते. तुमच्याकडे लगेच जमणारी नाही.

आणि आता एक गोष्ट जी पहिल्यांदा ऐकली की उलटी वाटते. कमी कॉर्टिसॉल नेहमी चांगलं नसतं. १९९० च्या दशकात कॅनडातल्या क्विबेक भागात धातूंनी आणि इतर रसायनांनी दूषित झालेल्या पाण्यातले पर्च आणि पाइक मासे पकडून मुद्दाम ताण दिला, तर त्यांचं कॉर्टिसॉल स्वच्छ पाण्यातल्या माशांइतकं चढलंच नाही. वर्षानुवर्षं दूषित पाण्यात राहून ती ग्रंथींची साखळीच थकली होती. म्हणजे तुम्ही ऐरोलीचा मासा घेतला, कॉर्टिसॉल कमी आलं आणि मासा मजेत आहे असा निष्कर्ष काढला, तर तो उलटा असू शकतो. याला उपाय म्हणजे सगळ्या माशांना सारखाच ठरावीक ताण द्यायचा, उदाहरणार्थ टपात तेवढाच वेळ तेवढ्याच पाण्यात कोंडायचं, आणि मग चढ किती झाला ते मोजायचं. निवांत आकडा मिळवण्यापेक्षा हे खाडीत जास्त जमण्यासारखं आहे.

मासे पकडायचे कसे? रात्रभर लावलेलं जाळं या कामाला नको. डोलही नको. ती प्रवाहात तोंड करून लावलेली असते आणि मासा तिच्या खोळीत तासन्‌तास दाबला जातो. पागाचं जाळं फेकणारा कोळी सोबत घ्या. पाग पडला, मासा वर आला, लगेच सिरिंज. ऐरोली, दिवाळे, सारसोळे, ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, यांतल्या जुन्या कोळ्यांना कुठल्या पाण्याला बोय कुठे चढतो हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना दिवसाची मजुरी द्या आणि त्यांचं ऐका. माझा अनुभव असा की पाग टाकणारा चांगला असेल तर रक्तातला गोंधळ निम्मा कमी होतो. दोन माणसं होडीत हवीत. एकानं ओल्या फडक्यात मासा उलटा धरायचा आणि डोळे झाकायचे, दुसऱ्यानं शेपटाच्या बाजूला, गुदपराच्या मागे, पोटाकडच्या मध्यरेषेतून सुई कण्याला टेकेपर्यंत घालून किंचित मागे घ्यायची. तिथे शेपटीची मोठी रक्तवाहिनी कण्याच्या कमानीत असते. सिरिंज लिथियम हेपॅरिननं ओली केलेली असावी. सोडियम हेपॅरिन घेतलंत तर सोडियमचा आकडा बिघडतो, जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब घेतलीत तर कॅल्शियम जातं आणि काही जातींत पेशीही फुटतात. रक्त ट्यूबमध्ये सोडताना सुई काढून सोडा, दाबून पिचकारी मारू नका. मासा सोडून द्यायचा असेल तर वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त घेऊ नका. १०० ग्रॅमच्या माशाला एक मिलिलिटर ही कमाल मर्यादा. लवंगतेलानं गुंगी देता येते, पण तिचाही रक्तावर परिणाम होतो, म्हणून द्यायची तर सगळ्यांना सारखी.

कुणी विचारेल, बोयच का? तो भरपूर मिळतो, गाळ खातो म्हणून गाळातल्या धातूंशी त्याचा थेट संबंध येतो, आणि रक्त काढायला पुरेसा मोठा असतो. वाईट बाजू अशी की तो फिरता आहे. ऐरोलीला पकडलेला बोय काल कुठे होता ते तो सांगत नाही. निवटी एका जागी राहते, पण तिचं रक्त थेंबभर निघतं आणि ती मरते. शिंगाळा तळाशी राहतो, धरताना काट्यांनी हात फाडतो. एक पर्याय मला जास्त पटतो: एकाच हॅचरीतून आलेली, एकाच वयाची जिताड्याची पिल्लं छोट्या पिंजऱ्यांत घालून खाडीत तीन-चार ठिकाणी दोन-तीन आठवडे ठेवायची. कोंडल्याचा ताण सगळ्यांना सारखा, पूर्वेतिहास सारखा, जागा माहीत. मग त्यांचे स्मिअर आणि मायक्रोन्यूक्लिअस बघायचे. पिंजरा चोरीला जाऊ शकतो, हा धोका मात्र धरून चालावा.

तुलनेसाठी स्वच्छ खाडी कुठली घ्यायची यावर आमच्यात नेहमी वाद होतो. ठाणे खाडीसारखा खारेपणा आणि चिखल असलेली आणि तरीही स्वच्छ अशी खाडी मुंबईच्या जवळपास शोधणं कठीण. मी म्हणतो, स्वच्छ जागा शोधत बसण्यापेक्षा नाल्याच्या तोंडापासून दूर दूर जात चार ठिकाणं घ्या आणि फरक क्रमानं बदलतो का ते बघा. क्रम दिसला तर त्याला वजन आहे.

परवानगीचं विसरू नका. खाडीचा पश्चिम काठ २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला आहे. अभयारण्याच्या हद्दीत नमुने घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती हद्द पाण्यात रेष आखून दाखवलेली नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला सोबत घेतलंत तर प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरीही त्यांच्याकडून होईल आणि तुमचे आकडे उद्या कुणी मानतीलही.

तुम्ही शेवटी दोन गोष्टी जाता जाता विचारल्या होत्या. एक, मासे तरंगून वर येतात तेव्हा रक्त घ्यावं का. मेलेल्या माशाचं रक्त बायोकेमिस्ट्रीसाठी टाकाऊ असतं. त्या वेळी पाणी मोजा: विरघळलेला ऑक्सिजन पहाटेच्या पहाटे, तापमान, पीएच, अमोनिया, आणि बाटली भरून बर्फात ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवा. मासा जेमतेम जिवंत असेल तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून रंग बघा. चॉकलेटी रक्त आणि तपकिरी कल्ले दिसले तर नायट्राइटचा संशय घ्यायचा, हिमोग्लोबिनचं मेथिमोग्लोबिन झालेलं असतं, जे ऑक्सिजन वाहू शकत नाही. हे मासुंदा किंवा उपवनसारख्या गोड्या तलावांत घडू शकतं. खाडीत त्याची शक्यता कमी, कारण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दोन, हे मासे खावेत का. याचं उत्तर रक्तात नाहीच. पारा आणि इतर धातू मांसात मोजावे लागतात, तेही मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत. रक्त चांगलं असलेला मासा खायला वाईट असू शकतो आणि उलटही.

तुमच्या फ्रीजमध्ये त्या सहा माशांचा प्लाझ्मा उरला असेल तर शुगर आणि एन्झाइम विसरून जा, पण एकूण प्रोटीन, कोलेस्टेरॉल, आणि ट्यूब हेपॅरिनच्या असतील तर कॅल्शियम, एवढं अजून वाचून ठेवा. प्रत्येक माशाची लांबी, वजन आणि नर की मादी हे लिहिलं नसेल तर दिरांना विचारा, अजून आठवत असेल तर. आणि पुढच्या वेळी पागवाला ठरवल्यावर, होडीत जायच्या आधी मला कळवा. स्लाइडवर पहिले शंभर मायक्रोन्यूक्लिअस आपण एकत्र बसून मोजू, म्हणजे तुमचे ठिपके आणि रंगाचे डाग वेगळे ओळखता येतील.